सगुणेचं लोखंड

कोपरीच्या मागच्या शेतांत भात झोडायला सुरुवात झाली की मला घरात बसवत नाही आणि बाहेरही जाववत नाही. पेंढ्याचा तो दमट, गोडसर वास खिडकीतून आत येतो. फळीवर भारे आपटल्याचा आवाज येतो; धप्, जरा उसंत, पुन्हा धप्. सून विचारते, मामंजी, खिडकी लावून घेऊ का, तुम्हाला खोकला होतो. खोकल्याचं निमित्त मीच तिला कधीतरी सांगितलेलं आहे. खरं कारण सांगितलं तर ते विहिरीवर जाईल, आणि पेन्शन खात बसलेल्या हेडमास्तराला भाताच्या वासाची भीती वाटते ही बातमी संध्याकाळपर्यंत ठाणेभर होईल.

याच दिवसांत मुलं येतात. आळीतली, शाळेतली, कोणाची तरी पाहुणी आलेली. ओटीवर रांग लावून बसतात आणि मी खाटेखालची पेटी ओढून काढतो. आत फलाणीच्या कापडात गुंडाळलेले सात दगड आहेत. सहा दगडच आहेत, सातवा निव्वळ लोखंडाचा गोळा आहे. सगळे आकाशातून पडलेले. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी आहे. कुठे पडला, कोणी पाहिला, कोणत्या हंगामात. मुलं आधी बोटानं शिवून बघतात, मग तळहातावर घेतात आणि हात एकदम खाली जातो, कारण दिसतो त्याहून दगड फार जड असतो. वरची साल गूळ करपलेल्या कढईच्या बुडासारखी काळी आणि किंचित चकाकणारी. उन्हात ठेवला तरी तो लवकर तापत नाही, असं मुलं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण मी कधी पडताळूनही पाहिलेलं नाही.

पेटीच्या तळाशी एका डबीत होकायंत्र आहे. ते मी मुलांना दाखवत नाही. कोणी विचारलं तर मोडलंय म्हणून सांगतो.

पेटी मूळची पास्कोलची. पास्कोल ठाण्याच्या खाडीकडच्या वाडीतला ख्रिस्ती गृहस्थ. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात त्याची उभी हयात गेली. ज्या साहेबाच्या हाताखाली तो मुलूखभर फिरला त्याला असले दगड जमवायचा नाद होता, आणि विलायतेला परतताना तो ही पेटी पास्कोलला देऊन गेला. मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा, कल्याणच्या मराठी शाळेत दुय्यम मास्तर. आगगाडीनं घाट चढून फार वर्षं झाली नव्हती. पास्कोलची दृष्टी मंद होत चालली होती आणि त्याच्या मनानं घेतलं होतं की डोळे पुरते जायच्या आत हे दगड पोरांच्या हातांत द्यायचे. "मी मेलो का माजे पोरगे ह्ये दगड चुलीला लावतील, मास्टर," असं तो मला म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं, कारण त्याचे पोरगे मी पाहिले होते.

मला काय, हौस दांडगी. पाटीवर सूर्य काढून त्याच्याभोवती पृथ्वी फिरवण्यात मला जो आनंद व्हायचा तो लग्नातही झाला नव्हता. आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी पेटी घेऊन निघायचो. ठाण्याची शाळा झाली, कल्याणची झाली, डोंबिवलीला तर देवळाच्या पडवीत अकरा पोरं आणि चार शेळ्या एवढ्यांपुढे पास्कोलनं दोन तास व्याख्यान दिलं. भातं पिवळी झाली होती. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना लोंब्या गुडघ्यांना घासायच्या आणि पेटीतले दगड एकमेकांवर घासून कुरकुरायचे. पास्कोल म्हणायचा, बोलतायत. मी हसायचो. आता तो आवाज कानात आला की हसू येत नाही.

त्याच कार्तिकात बातमी आली, खडवलीच्या पलीकडे भातसेकाठच्या एका गावात तिन्हीसांजेला मोठा गडगडाट होऊन आकाशातून दगड पडला. अगदी ताजा. पास्कोलला रात्रभर झोप लागली नाही. पुढच्याच रविवारी आम्ही कल्याणहून छकडा केला आणि काळू नदी ओलांडून त्या गावात गेलो.

तो दगड मी कधीच पाहिला नाही. आम्ही पोचायच्या आधीच गावानं तो काठ्यांनी ढकलत नेऊन भातसेच्या डोहात लोटला होता. कोणी हात लावला नव्हता. पास्कोल डोहाच्या काठावर बराच वेळ उभा राहिला. पाणी हिरवं आणि अगदी निवांत होतं, आणि गावाची गुरं तिथं पाणी प्यायची सोडून अर्धा कोस खाली जात होती. गुरांना कोणी सांगितलं असेल, असं मी थट्टेनं म्हणालो. बरोबर आलेल्या पाटलाला ती थट्टा कळली नाही. तो म्हणाला, त्यांना सांगावं लागत नाही.

हळूहळू सगळं कळलं. दगड पडला होता सगुणा नावाच्या बाईच्या खळ्यात, मधोमध, मेढीच्या खांबापासून हातभर अंतरावर. सगुणेचा नवरा श्रावणात पान लागून, म्हणजे साप डसून गेला. त्याच्या मागे भाद्रपदात तिला मुलगी झाली. त्यातच हा दगड, आणि दगडामागोमाग आठवड्यात गावातले तीन बैल उभ्या उभ्या कोसळून मेले. गावानं सरळ हिशेब मांडला. बाई भुताळी आहे. झोडणी उरकली की पौषात सगळ्यांनी बसून तिला लेकरासकट वेशीबाहेर घालवायची, असं जवळजवळ ठरलं होतं. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. पीक घरात येईपर्यंत माणसांना वेळ नव्हता एवढंच. ती बाई रोज त्याच माणसांच्या शेजारी भात कापत होती आणि कोणी तिच्याशी बोलत नव्हतं.

मी तिला त्या दिवशी लांबून पाहिली. पाठीला पोर बांधून ती भारे वाहत होती. तिची वाट जिथून जाई तिथली माणसं दोन पावलं मागे सरत आणि ती गेल्यावर पुन्हा पुढे येत. हे सगळं अगदी शांतपणे चाललं होतं.

आम्ही ठरवलं की पोरांना शिकवायचं. पोरं घरी जाऊन सांगतील, दगड हा दगडच आहे, असे जगभर पडतात, आणि बाई सुटेल. आजही मला वाटतं की विचार चांगला होता. गावच्या शाळेतली पंधरा-वीस पोरं आंब्याखाली बसली. पास्कोलनं सातही दगड काढले, हातोहात फिरवले. मग त्यानं होकायंत्र काढून लोखंडी गोळ्याजवळ नेलं. सुई आधी कापली, आणि मग कोणी बोट लावून वळवावी तशी गोळ्याकडे वळली. पोरं पुढे सरकली. पास्कोलनं नीट समजावलं की आकाशातल्या दगडांत लोखंड असतं आणि सुई त्याच्याकडे ओढली जाते; पण साधं लोखंडही तिला ओढतं, म्हणून आधी कोयते, विळे लांब ठेवायचे, नाहीतर सुई फसते. त्यावर मला गप्प बसवेना. मी उठून म्हणालो, माणूस खोटं बोलेल, सुई बोलत नाही.

पोरांची तोंडं बघून पास्कोल इतका विरघळला की त्यानं होकायंत्र आठ दिवसांसाठी शाळेतच ठेवलं. गावातला प्रत्येक काळा दगड तपासून बघा म्हणाला, आणखी एखादा आकाशातला सापडेल.

मध्येच सांगतो, माझ्या आईनं मी जन्मलो तेव्हा उशाशी विळा ठेवला होता. सगळ्याच बाया ठेवतात. बाळंतिणीभोवती जे काही घुटमळतं ते लोखंडाला भिऊन लांब राहतं, असा समज. शिकलो-सवरलो तेव्हा मी यावरून आईची पुष्कळ टिंगल केली. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, तू जगलास ना? मी तिला बराच वेळ समजावत राहिलो की हे कारण नव्हे, आणि ती तांदूळ निवडत राहिली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा सगळं गाव सगुणेच्या खळ्यात बसलेलं होतं. झोडणी बंद. भर दुपारी एवढी माणसं आणि आवाज कसलाच नाही. मधोमध परातीत तांदळाची रास आणि राशीवर आमचं होकायंत्र. खळ्याच्या तोंडाशी कोयते, विळे, कुऱ्हाडी, पायांतल्या नालाच्या वहाणासुद्धा एका ढिगात ठेवलेल्या. पास्कोलनं पोरांना सांगितलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. आकाशातलं काय आहे ते सुई ओळखते, मग दगड कोणी बोलावला तेही ओळखेल. एकेक जण परातीला गुडघे टेकवून बसून गेला होता. म्हातारे, बाया, पाटील स्वतः. सुई हलली नव्हती. मग सगुणा बसली आणि सुई तिच्याकडे वळली.

आमच्यासमोर तिला पुन्हा बसवलं. मी डोळ्यांनी पाहिलं. ती वाकली, पदराखालचं पोर जरा हललं, आणि सुई सावकाश, अगदी घाई नसल्यासारखी, उत्तर सोडून तिच्या पोटाकडे फिरली आणि थांबली. मला सगळं शास्त्र ठाऊक असूनही त्या क्षणी मी एक पाऊल मागे सरलो, हे आज कबूल करतो.

मग भानावर आलो. मी पाटलाला म्हणालो, तिच्या अंगावर लोखंड आहे. पाटील म्हणाला, तिनं विळा सगळ्यांसमोर ठेवलाय, आणि सुई खोटं बोलत नाही हे तुम्हीच पोरांना सांगितलंत. मी सगुणेला बाजूला नेऊन विचारलं. जवळून पाहिली तर ती एकोणीस-वीस वर्षांची पोर होती. ती खाली बघत म्हणाली, "हाय. पोरीचा हाय त्यो." विळ्याचं मोडलेलं टोक, बोटभर लांबीचं, चिंधीत बांधून तिनं कमरेला आत खोचलं होतं. बाळंत झाल्यापासून एक घटका अंगावेगळं केलं नव्हतं. नवरा गेलेला, खळ्यात दगड पडलेला, गाव असं. त्या तान्ह्या पोरीच्या राखणीला तेवढंच होतं.

मी तिला ते काढायला सांगितलं. ती नको म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. भुतं नसतात, लोखंड हे लोखंड आहे, ते काढलंस की सुई गप्प राहील आणि तुझ्यावरचा आळ जाईल. माझी वाणी त्या काळी चांगली होती. ती पोराकडे बघत होती, माझ्याकडे बघत नव्हती. शेवटी मी म्हणालो, पोरीला काही होणार नाही, ते माझ्यावर. तेव्हा तिनं चिंधी सोडली आणि तो तुकडा माझ्या हातात दिला. तो तिच्या अंगानं ऊन झालेला होता.

ती पुन्हा परातीपुढे बसली. सुई उत्तरेला होती ती उत्तरेलाच राहिली. खळ्यात सुस्कारा उमटला. पण पाटील सावध माणूस. त्याचं म्हणणं पडलं की त्या तुकड्यातच काही मंतरलेलं असेल. आठ दिवस तो तिच्यापासून लांब राहू दे, तुम्हीच न्या, रविवारी पुन्हा बघू. त्याला वाईट म्हणता येत नाही. तो गावाला समजेल अशी वाट काढत होता. मी आनंदानं कबूल झालो. सगुणेनं मात्र मला छकड्यापर्यंत गाठलं. "नेता तं न्या," ती म्हणाली, "पन रविवारी चुकू नका." परतीच्या वाटेवर कल्याण येईपर्यंत मी एकटाच बोलत होतो.

त्या आठवड्यात थंडी एकदम पडली. सकाळी खाडीवर धुकं बसायचं आणि दुपारपर्यंत उठायचं नाही. तुकडा माझ्या कोटाच्या खिशात होता, आणि गावातून परत आणलेलं होकायंत्रही मीच ठेवून घेतलं होतं. गुरुवारी मी तो वर्गात काढला, होकायंत्राजवळ धरला आणि सुई कशी वळते ते दाखवलं. पोरं खूश झाली, पुन्हा, पुन्हा म्हणाली. मी तुकडा गोल फिरवला आणि त्याच्यामागे सुईही गोल गोल फिरत राहिली. हे सगळं मधल्या सुट्टीच्या आधी चाललं होतं. सगुणेची पोर त्याच दिवशी, त्याच सुमाराला गेली. दोन दिवस ताप होता. हे मला रविवारी कळलं.

तीन महिन्यांची पोरं थंडीतापानं जातात. त्या तालुक्यात त्या वर्षी कितीतरी गेली असतील. हे मी स्वतःला तीस वर्षं समजावत आलोय आणि ते खरं आहे. माझ्या नातवाच्या वेळी सुनेनं उशाशी विळा ठेवला, तेव्हा मी काही बोललो नाही. खोलीबाहेर पडताना तो जागेवर आहे ना, तेवढं पाहिलं.

त्या रविवारी गावात सगुणेला कोणी काही म्हणत नव्हतं. भुताळी दुसऱ्यांची लेकरं खाते, स्वतःचं खात नाही, असं गावाचं म्हणणं. सुईनं झालं नव्हतं ते पोरीच्या मरणानं झालं. ज्या बाया मागे सरायच्या त्या तिला धरून बसल्या होत्या. मी तुकडा तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, माझ्याकडे न बघता दिराच्या हातात दिला आणि पोरीजवळ पुरायला सांगितलं. बायकांनी तिकडे जायचं नसतं. दीर उठला, नदीकडे गेला, आणि थोड्या वेळानं रिकाम्या हातानं आला.

छकड्यात पास्कोल म्हणाला, "दगड दाखवाया निगालो आपन, मास्टर. सुई कशाला काडली मी?" त्यानंतर त्यानं पेटी उघडली नाही, आणि डोळे गेल्यावर ती माझ्याकडे पाठवून दिली.

पौषात एक दिवस मधल्या सुट्टीत सगुणा कल्याणच्या शाळेच्या दारात उभी होती. एवढं अंतर चालत आली होती. मला वाटलं शिव्या देईल, आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "दीर बोलतो, पुरला. मना बगाया जाता येत नाय. तुमची सुई घिऊन चला. पोर एकटी हाय का तिच्याजवल लोखंड हाय, तेवडं मना सांगा."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं वर आल्यावर. भातसेच्या काठी एका करंजाखाली ती जागा होती. शेतं कापून मोकळी झाली होती, नुसते बुडखे उरलेले. कुठे पाखरू बोलत नव्हतं. सगुणा बांधावर थांबली. तिथून पुढे तिनं यायचं नव्हतं. मी खिशातला चाकू आणि किल्ली तिच्याजवळ ठेवली आणि पुढे गेलो. हातभर लांबीची ती जागा बाभळीच्या काट्यांनी झाकलेली होती. काट्या जागच्या जागी होत्या. मी त्या बाजूला केल्या, ओणवा झालो आणि होकायंत्र मातीवर ठेवलं.

सुई थरथरली, तशी ती ठेवल्या ठेवल्या नेहमीच थरथरते. मग उत्तरेला जाऊन थांबली. मी ते वीतभर डावीकडे सरकवलं. उत्तर. उजवीकडे सरकवलं. डोक्याशी, पायाशी, मधोमध ठेवलं. खड्डा किती खोल होता ते मला माहीत नव्हतं, आणि बोटभर लोखंडाचा ओढा किती मातीतून वर येतो तेही मी कधी मोजलं नव्हतं. दिरानं पुरला असेल. वाटेतच नदीत फेकलाही असेल. मी तळहातानं माती दाबली, होकायंत्र पुन्हा ठेवलं, आणि ती सुई फिरावी म्हणून आयुष्यात कशासाठी केली नव्हती एवढी प्रार्थना केली.

बांधावरून तिनं विचारलं, "मास्तर, हाय का?"

"आहे," मी म्हणालो. "फिरली सुई."

माझ्यामागे ती मटकन खाली बसल्याचा आवाज आला आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं. पोर गेल्यापासून ती रडली नव्हती असं मला नंतर बायांनी सांगितलं. मी मान वळवली नाही. तिचं रडणं संपेपर्यंत तसाच ओणवा बसून राहिलो, आणि तेवढा सगळा वेळ सुई उत्तरेलाच होती.